जोड तापवा, कथील नव्हे

बारामती किंवा इंदापूर तालुक्यात विहिरीशेजारची मोटारीची पेटी उघडली, की स्टार्टरच्या बाजूला तळहाताएवढा एक डबा हमखास दिसतो. शेतकरी त्याला नुसते ‘ऑटो’ म्हणतात. रात्री-अपरात्री शेतीची लाइट आली की मोटार चालू करायची आणि एखादी फेज गेली की ती जळायच्या आत बंद करायची, एवढीच त्याची नोकरी. आता त्याच्या जोडीला मोबाइलवरून चालणारे स्टार्टर आले आहेत, कुंपणाला झटका मशीन आले आहे आणि पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप आला आहे. शारदानगरच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर आणि छोटी हवामान केंद्रेही उसाच्या सरीत उभी राहू लागली आहेत.

या प्रत्येक वस्तूच्या पोटात एक हिरवी किंवा तपकिरी प्लेट असते आणि तिच्या पाठीवर चकचकीत ठिपक्यांची रांग. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सोल्डर केलेला जोड. पुण्यातल्या वातानुकूलित कचेरीतल्या संगणकाचे आणि शेतातल्या ऑटोचे जोड एकाच जातीचे असतात, पण नशीब मात्र वेगळे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची पेटी आतून भट्टीसारखी तापते आणि पहाटे गार पडते. कॉन्टॅक्टर दर वेळी ‘खाट्’ करून बसतो तेव्हा सगळी पेटी हादरते. पावसाळ्यात दमट हवा, बाराही महिने धूळ आणि उबेला येणाऱ्या मुंग्या-पाली आहेतच. म्हणून इथली उपकरणे बंद पडतात तेव्हा पुष्कळदा महागडा भाग शाबूत असतो आणि एखादा ठिपका तडकलेला असतो. दुकानदार म्हणतो, “कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल.” कधी ते खरेही असते. पण जोड पाहून, ओळखून पुन्हा घालता येणारा माणूस घरात असेल, तर नवे कार्ड घेण्याआधी एकदा तपासून तरी पाहता येते.

ही कला हाताच्या स्थिरतेची आहे, अशी नवशिक्याची समजूत असते. हात थोडा थरथरला तरी चालते. खरी गोष्ट उष्णतेची आहे. ती कुठे द्यायची, किती द्यायची आणि कधी थांबायचे, हे ज्याला कळले त्याला सोल्डरिंग आले.

कल्हईवाल्याचे शास्त्र

आपल्याकडे हे शास्त्र दारोदार फिरत होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर भांडे आधी घासून घेई आणि भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर तापवी. मग त्यात नवसागराची चिमूट टाकी. भसकन पांढरा धूर निघे. लगेच तो तापलेल्या भांड्याला कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील सर्रकन आतून फिरवी. त्याने कथील निखाऱ्यावर वितळवून भांड्यात ओतले असते, तर त्याच्या गोळ्या होऊन ते तळाशी घरंगळत राहिले असते. भांडेच इतके तापलेले हवे, की कथील त्याला टेकताच वितळावे.

सर्किटवरच्या जोडात हेच घडते. तांबे हवेत उघडे राहिले की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. या पापुद्र्यावर वितळलेले कथील पसरत नाही. भांड्यावरचा पापुद्रा नवसागराच्या वाफेतले आम्ल खाऊन टाकते. सोल्डरच्या तारेत ते काम राळ करते. सोल्डरची तार दिसते भरीव, पण ती पोकळ असते आणि तिच्या पोटात चीडाच्या झाडाची राळ भरलेली असते. बाजारात तिला रोझिन म्हणतात. तापल्यावर राळेतले सौम्य आम्ल जागे होते आणि तांबे स्वच्छ करते. मग वितळलेले कथील त्या तांब्यावर पसरते आणि दोघांच्या सीमेवर कथील व तांब्याच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर झाला तरच जोड झाला. तो झाला नाही, तर ठिपका नुसता चिकटलेला राहतो आणि आज ना उद्या सुटतो.

नवसागर इतका गुणकारी, तर तोच सर्किटवर का वापरत नाहीत? कारण त्यातले क्लोराइड मागे उरते. भांडे धुता येते, पण प्लेटच्या कानाकोपऱ्यातून ते निघत नाही. दमट हवेत त्याचा हिरवा गंज चढतो आणि बारीक तारा खाल्ल्या जातात. पत्र्याच्या कामाला वापरतात ती आम्लाची पेस्ट याच कारणाने इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वर्ज्य आहे. थंड झाल्यावर मागे राहणारी राळ मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी असते.

आता थोडे तापमानाकडे वळू. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. गंमत अशी, की ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे एकत्र केले, तर मिश्रण दोघांपेक्षाही कमी, म्हणजे १८३ अंशांनाच वितळते. शिवाय ते मधल्या लापशीसारख्या अवस्थेत न रेंगाळता द्रवाचे थेट घन होते. दुकानात मिळणारी ६०-४० ची तार याच्या अगदी जवळची आहे, ती १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान घट्ट होते. तांबे वितळायला १,०८५ अंश लागतात, त्यामुळे या सगळ्या व्यवहारात तांबे जागचे हलत नाही. इंदापूर तालुक्यातल्याच वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटरची पोलादी कवचे बनवली आहेत. तिथले वेल्डिंग म्हणजे मूळ धातूच वितळवून एकजीव करणे. सोल्डरिंगमध्ये मूळ धातू घनच राहतो आणि ४५० अंशांच्या आत वितळणारा तिसरा धातू दोघांना बांधतो. म्हणून हे काम जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत होते. आणि म्हणूनच हा जोड वेल्डिंगइतका मजबूत नसतो, हेही लक्षात ठेवायचे.

पिशवीत काय असावे

सुरुवातीचे सामान थोडे असते. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, राळ भरलेली ६०-४० ची तार, आयर्न ठेवायचे स्टँड, ओला स्पंज, कटर, चिमटा, सोल्डर ओढून काढणारा पंप (दुकानात त्याला ‘सकर’ म्हणा) आणि साधा मल्टिमीटर. मल्टिमीटरवर तार जुळली की ‘बीप’ वाजवणारी सोय असावी. पुढे हात बसला आणि काम वाढले, की तापमान ठरवता येणारे स्टेशन घ्यावे.

आयर्नचे टोक, म्हणजे बीट, हे सगळ्यात महत्त्वाचे अवजार. सुईसारखे टोकदार बीट घेण्याचा मोह होतो, कारण काम बारीक आहे. पण टोक जितके अणकुचीदार, तितका त्याचा जोडाशी स्पर्श कमी आणि उष्णता कमी पोचते. छोट्या छिन्नीसारखे चपटे बीट नवशिक्याला जास्त यश देते. चांगल्या बीटाचा गाभा तांब्याचा असतो आणि वर लोखंडाचा मुलामा. नुसते तांबे असते तर वितळलेल्या कथलात ते विरघळत जाऊन टोकाला खड्डे पडले असते. म्हणून मुलाम्याचे बीट कधीही कानशीने घासू नये. ते काळे पडू नये म्हणून काम झाल्यावर त्यावर ताज्या सोल्डरचा थर द्यावा आणि मगच आयर्न बंद करावे. हा थर पुसून ‘स्वच्छ’ बीट ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी काळे बीट घेऊन बसतो. त्यावर सोल्डर थांबत नाही आणि उष्णता पुढे जात नाही.

पहिला जोड

पहिला जोड चालू उपकरणावर घालू नका. दुकानात ‘झिरो पीसीबी’ म्हणून छिद्रांची कोरी प्लेट मिळते, ती आणा आणि सोबत पाच-पन्नास स्वस्त रेझिस्टर घ्या. रेझिस्टरचे पाय छिद्रातून ओवा, मागच्या बाजूला किंचित फाकवा म्हणजे तो पडणार नाही, आणि प्लेट टेबलावर उलटी ठेवा.

बीट ओल्या स्पंजला पुसा आणि त्याला सोल्डरचा अगदी लहान थेंब लावा. हा थेंब जोडासाठी नाही. बीट आणि जोड यांच्यातली हवेची फट भरून उष्णता झटकन पोचवण्यासाठी तो असतो. आता बीट अशा कोनात टेकवा, की ते एकाच वेळी रेझिस्टरच्या पायाला आणि तांब्याच्या चकतीलाही स्पर्श करेल. मनात ‘एक’ म्हणा. मग सोल्डरची तार दुसऱ्या बाजूने आणा आणि बीटाला न लावता पाय आणि चकती जिथे भेटतात तिथे लावा. ती जागा पुरेशी तापली असेल तर तार तिथेच वितळेल आणि कथील पायाभोवती स्वतःहून पळेल. पुरेसे झाले की आधी तार काढा, मग आयर्न. दोन सेकंद प्लेट हलवू नका. फुंकरही मारू नका. सगळा व्यवहार तीन-चार सेकंदांचा.

क्रम उलटा झाला की जोड फसतो. नवशिका हमखास काय करतो? बीटावर सोल्डरचा गोळा घेतो आणि तो पायावर नेऊन थापतो. दिसायला जोड दिसतो. पण बीटाचे टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असते. त्यावर राळ सेकंद-दोन सेकंदांत जळून धूर होते. गोळा पायापर्यंत पोचतो तेव्हा साफ करणारे कोणी उरलेले नसते आणि पाय तर अजून गारच असतो. कल्हईवाल्याने जे केले नसते तेच आपण केलेले असते. या प्रकरणातले एकच वाक्य भिंतीवर लिहायचे असेल, तर हे लिहा: जोड तापवा, कथील जोडावरच वितळू द्या.

सगळे जोड सारखे तापत नाहीत. एखादा पाय तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला असतो. तो पट्टा उष्णता पिऊन टाकतो आणि सोल्डर वितळतच नाही. अशा वेळी आयर्न दहा-दहा सेकंद दाबून धरले तर चकती प्लेटपासून उचकटते. उपाय म्हणजे जाड बीट किंवा जास्त वॅटचे आयर्न वापरून काम लवकर उरकणे. कमी ताकदीचे आयर्न जास्त वेळ धरण्यापेक्षा पुरेशा ताकदीचे थोडा वेळ धरणे प्लेटला केव्हाही कमी त्रासाचे.

वीसेक जोड झाले की एलईडी पेटवा. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर एका माळेत जोडा. एलईडी सुमारे दोन व्होल्ट खातो, उरलेले सात व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. सात भागिले ४७०, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर. एलईडीला तेवढे पुरते आणि पोरांना दाखवायला एक पेटलेला दिवाही होतो.

ठिपका वाचायचा कसा

सोल्डरिंग शिकण्याचा निम्मा भाग डोळ्यांचा आहे. भिंग घ्या आणि जोडाकडे तिरप्या उजेडात बघा. शिशाच्या सोल्डरचा चांगला जोड चकचकीत असतो. पायाकडे चढत गेलेला आणि कडेला चकतीवर पातळ होत मिसळलेला, बाजूने आत वळलेला. पाय कुठे आहे हे त्यातून कळते. ठिपका बाहेर फुगलेला गोळा असेल, तर सोल्डर जास्त झाले आहे किंवा ते पसरलेच नाही. चकतीच्या कडेला फट दिसली तर चकती तापलीच नव्हती. दाणेदार, विरजलेला दिसला तर थंड होताना हात हलला. शेजारच्या दोन ठिपक्यांत पूल झाला असेल तर तो आधी काढा, नाहीतर वीज लागताच धूर निघेल.

रंगावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतले शिसे बंद केले, भारतातही ई-कचऱ्याच्या नियमांत ठरावीक उपकरणांसाठी शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे. त्यामुळे मोबाइलच्या चार्जरसारख्या वस्तूंत आता बिनशिशाचे सोल्डर असते. कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे हे त्याचे प्रचलित मिश्रण. ते सुमारे २१७ अंशांना वितळू लागते आणि थंड झाल्यावर मुळातच थोडे मंद दिसते. चकाकी नाही म्हणून असा चांगला जोड उकरून काढणे हा निव्वळ त्रास.

शेतातल्या उपकरणांत सापडणारा दोष बहुधा वेगळा असतो. मेकॅनिक त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. पायाभोवती केसाएवढी गोल भेग पडते, जणू कोणी नखाने रेघ ओढली आहे. रिले, ट्रान्सफॉर्मर आणि तारा घट्ट करायचे कनेक्टर यांच्या पायांशी ती जास्त दिसते, कारण हे भाग जड असतात, तापतात आणि हादरतात. दर अंशाला तांबे जेवढे प्रसरण पावते, त्यापेक्षा सोल्डर जास्त पावते. रोज दुपारी तापायचे आणि पहाटे निवायचे, असे हजारो वेळा झाले की मऊ सोल्डर थकते आणि चिरते. लक्षण ओळखीचे आहे: ऑटो कधी चालतो, कधी नाही, डब्यावर चापट मारली की चालतो. चापटीने भेगेची दोन टोके क्षणभर भेटतात, एवढाच त्या चमत्काराचा अर्थ. उपाय सोपा. जुने सोल्डर सकरने ओढून काढा, ताजी तार लावून जोड नव्याने घाला. जुन्यावर नुसते आयर्न टेकवून वितळवणे अर्धवट ठरते, कारण त्यातली राळ कधीच संपलेली असते.

कारखान्यात या ठिपक्यांना मानके असतात. ‘आयपीसी-ए-६१०’ हे जगभर चालणारे मानक सांगते, की सर्वांत कडक वर्गात मुलामा दिलेल्या छिद्राची किमान ७५ टक्के उंची सोल्डरने भरलेली हवी. घरच्या दुरुस्तीला एवढे मोजमाप नको, पण प्लेटच्या दुसऱ्या बाजूनेही सोल्डर डोकावते का, हे पाहायची सवय लावा.

फवारणी पंपाची दुरुस्ती

हात बसल्यावर पहिली खरी दुरुस्ती म्हणून पाठीवरचा बॅटरी पंप घ्यावा. तो बहुधा १६ लिटरचा असतो, खाली १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी, छोटी मोटार, एक स्विच आणि चार्जिंगचे सॉकेट. औषधाचे शिंतोडे, पाणी आणि आदळआपट यांमुळे त्यात पहिल्यांदा जातात त्या तारा आणि त्यांची टोके.

आधी टाकी धुऊन घ्या आणि पंप कोरडा करा. कीटकनाशकाचा अंश असलेल्या वस्तूवर आयर्न टेकवणे म्हणजे त्याची वाफ छातीत घेणे. मग बॅटरीची तार सोडवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण बॅटरीची टोके एकमेकांना भिडली तर तार लालबुंद होण्याइतका प्रवाह धावतो. आता मल्टिमीटर बीपवर ठेवून सॉकेटपासून बॅटरीपर्यंत, बॅटरीपासून स्विचपर्यंत आणि स्विचपासून मोटारीपर्यंत एकेक तार तपासत जा. जिथे बीप थांबतो तिथे आजार.

तुटलेल्या तारेचे टोक काळे पडले असेल तर चकचकीत तांबे लागेपर्यंत कापून टाका. हिरवट, काजळलेल्या तारेला सोल्डर धरणार नाही. पाचेक मिलिमीटर सोलून तंतू पीळ देऊन एकत्र करा. त्याआधी तारेवर स्लीव्ह चढवायला विसरू नका. जोड झाल्यावर स्लीव्ह आठवणारे कारागीर थोडे नाहीत, आणि मग केलेला जोड पुन्हा उकलावा लागतो. तंतूंना आयर्नने तापवून सोल्डर पिऊ द्या. सॉकेटच्या टाचेत छिद्र असेल तर तार त्यातून ओवून वळवा, मग सोल्डर करा. ओढ तारेच्या वळणाने झेलावी, सोल्डरने फक्त वीज पोचवावी. शेवटी तार जवळच्या खांबाला बांधून ठेवा, म्हणजे हादरा जोडापर्यंत येणार नाही. लाल आणि काळी अदलाबदल झाली नाही ना, हे पाहूनच बॅटरी जोडा.

जिथे आयर्न उचलू नये

सोल्डर कुठे करू नये हे कळणे ही पुढची पायरी. शेतातल्या पुष्कळ तारा ॲल्युमिनिअमच्या असतात. या धातूवर ऑक्साइड इतक्या लवकर आणि इतका चिवट धरतो, की राळ त्याच्यापुढे हतबल होते. सोल्डर वर गोळी होऊन बसते. तिथे दाबून बसवायचा लग किंवा योग्य कनेक्टरच हवा.

स्टार्टरच्या स्क्रूखाली जाणाऱ्या तारेच्या टोकालाही सोल्डर मारू नये, जरी ते नीटनेटके दिसत असले तरी. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते आणि स्क्रू सैल होतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सरकतो, आणि एक दिवस मोटारीची एक फेज गायब होते. पाच अश्वशक्तीची मोटार सात-आठ अँपिअर ओढते, तिथे हा खेळ परवडत नाही. तिथेही दाबून बसवलेला लग लावा. मोटारसायकल-रिक्षांच्या वायरिंगमध्येही टोके दाबूनच बसवलेली असतात, कारण सोल्डर प्यालेली तार ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच मोडते.

लिथियमच्या सेलवर थेट आयर्न टेकवू नका. उष्णतेने आतला पापुद्रा बिघडला तर आग लागते. कारखान्यात तिथे स्पॉट वेल्डिंगने पट्ट्या जोडतात.

वीज, शिसे आणि धूर

चार्जरच्या आत २३० व्होल्टची वीज सरळ करून साठवलेली असते. ती सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये टिकू शकते. झटका मशीनचे तर कामच हजारो व्होल्टचे ठोके देणे. अशा वस्तू उघडण्याआधी वीज तोडा, थांबा, मल्टिमीटरने मोजा, मगच हात घाला. मोटारीच्या पेटीतून ऑटो काढायचा असेल तर आधी मेन स्विच खाली घ्या आणि तिन्ही फेजा टेस्टरने तपासा. डीपीवर काम मात्र वायरमनचेच.

सोल्डर करताना शिसे वाफ होऊन छातीत जात नाही, त्यासाठी फार मोठे तापमान लागते. ते जाते हातावाटे. म्हणून तार हाताळून झाली की साबणाने हात धुवा, कामाच्या टेबलावर चहा-बिस्किटे ठेवू नका, तार दातात धरू नका आणि लहान मुलांच्या हाती उरलेले तुकडे पडू देऊ नका. जो धूर दिसतो तो राळेचा. तो रोज रोज छातीत गेला तर दमा जडू शकतो. खिडकी उघडी ठेवा आणि एक लहान पंखा असा लावा, की धूर तोंडापासून दूर ओढला जाईल. डोळ्यांवर साधा चष्मा असावा, कारण कापलेला पाय चटकन उडतो.

शिकायचे कुठे

इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, दहावीनंतर त्याला प्रवेश मिळतो आणि सोल्डर घालणे-काढणे त्यात लवकरच येते. पण ज्याला शेती सांभाळत शिकायचे आहे, त्याच्यासाठी याच पुणे जिल्ह्यात एक जुने उदाहरण आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत शिकावे, गावाच्या गरजा हाच अभ्यासक्रम असावा, हा त्यांचा आग्रह. तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक हे सगळे विषय एकाच पंगतीत बसले. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांनी डिजिटल साधनांच्या कार्यशाळांची, म्हणजे फॅब लॅबची, कल्पना जगभर नेली, तेव्हा सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळला उभी राहिली. मोठ्या शहराबाहेर, डोंगराळ दुष्काळी गावात ती चालली. शेतकऱ्याच्या मुलाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवता येईल का, हा प्रश्न पुणे जिल्ह्यात तरी कधीच निकालात निघाला आहे.

बारामती-इंदापूर पट्ट्यात साखर कारखाने आहेत, एमआयडीसी आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेतात सेन्सर येत आहेत आणि येत राहणार आहेत. ते बसवायला कंपनीचा माणूस येतो, पण ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीच्या दिवशी बंद पडलेला डबा तपासायला तो त्याच तासाला येईल याची खात्री नसते. प्रत्येक गावात दोन-तीन माणसांना मल्टिमीटर आणि आयर्न धरता आले, तर दुरुस्तीसाठी तालुक्याला घालायच्या फेऱ्या वाचतील आणि केवळ एका भेगेपायी भंगारात जाणारी कार्डेही वाचतील.

तेव्हा बंद पडलेला रेडिओ, जळलेला चार्जर, जुना सेट-टॉप बॉक्स फेकू नका. त्यातले भाग काढा, पुन्हा लावा, पुन्हा काढा. पहिले वीस ठिपके वेडेवाकडे येतील, ते भिंगाखाली बघा आणि कुठे जोड तापला नव्हता ते शोधा. तेवढे शोधता आले, की चालू उपकरणाला हात लावायला तुम्ही तयार झालात.